वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे
'वाय-फाय' आणि 'इंटरनेट' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. ते योग्य नव्हे. बाहेरून तारेने आलेले संदेश मोडेम ग्रहण करतो, राउटर ते घरातील ज्या त्या यंत्राकडे पाठवितो; वाय-फाय हा केवळ या शेवटच्या टप्प्याचा बिनतारी मार्ग होय. म्हणूनच वाय-फायची खूण पूर्ण उमटलेली असूनही इंटरनेट बंद असू शकते. दोष तेव्हा बहुधा राउटरच्या पलीकडे असतो.

या लहरी भिंती ओलांडून शेजाऱ्याकडेही पोचतात, म्हणून संदेश कूटबद्ध करावे लागतात. १९९७ सालच्या 'वेप' या कूटपद्धतीतील गंभीर दोष २००१ मध्येच उघड झाले. तिच्यात परवलीचा शब्द कितीही अवघड ठेवला तरी व्यर्थच. जुन्या राउटरवर ती आढळल्यास 'डब्ल्यूपीए-२' अथवा २०१८ ची 'डब्ल्यूपीए-३' योजावी.