रक्ताचा थेंब, देशाचे आकडे आणि आपले गाव

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याच्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र होय. अभियांत्रिकी व शेती यांच्या जोडीने 'गृह व आरोग्य' हा विषयही त्यात असून विद्यार्थी रक्तगट व हिमोग्लोबिन तपासावयास शिकतात. अशाच रक्ताच्या थेंबावरून संपूर्ण देशाच्या रक्तक्षयाचा अंदाज बांधला जातो. तो कसा वाचावा, हे आज आपण समजून घेऊ या.

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होत आहे. दुसऱ्या पाहणीपासून (१९९८-९९) तीत हिमोग्लोबिनची तपासणी आली. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात ते प्रतिडेसिलिटर १२ ग्रॅमहून कमी असल्यास रक्तक्षय समजला जातो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील अशा स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. पाचव्या पाहणीत (२०१९-२१) ते ५४.२ टक्के झाले. पाच वर्षांखालील बालकांत ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले.

हे आकडे चिंताजनक खरेच. परंतु ते वाचताना दोन गोष्टींचे भान हवे. पहिली गोष्ट मोजण्याच्या पद्धतीची. या पाहणीत बोट टोचून रक्त घेतले जाई. बोट दाबले असता ऊतींमधील द्रव मिसळून रक्त पातळ होऊ शकते. शिरेतून रक्त घेणाऱ्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील एक ते चार वर्षे वयाच्या बालकांतील रक्तक्षय सुमारे ४१ टक्के आढळला, तर चौथ्या कुटुंब पाहणीत पाच वर्षांखालील बालकांत तो ५८.६ टक्के होता. पुढे सहाव्या पाहणीतून ही तपासणी वगळण्यात आली.

दुसरी गोष्ट अशी की, निवडक गावांतील निवडक घरे पाहून ही पाहणी केली जाते. चौथ्या पाहणीपासून जिल्ह्याचे आकडे मिळू लागले. गावाचे मिळत नाहीत. पुणे जिल्ह्याच्या सरासरीत शहरही आहे आणि पाबळसारखे कमी पावसाचे गावही. शिवाय रक्तक्षयाचे कारण लोहाची उणीव, जंत, जीवनसत्त्व ब-१२ चा अभाव की अन्य काही, हेही केवळ टक्केवारीवरून कळत नाही. कारण न ओळखता केवळ लोहाच्या गोळ्या वाटल्यास काही जणींचा आजार तसाच राहतो.

तेव्हा आकडा खोटा म्हणून फेकून देऊ नये आणि अंतिम म्हणून स्वीकारूही नये. प्रश्न कोठे शोधावा, हे देशाची पाहणी दाखविते. आपल्या शेजारची कोणती मुलगी धाप लागूनही पाण्याचा हंडा वाहते आहे, हे मात्र गावानेच शोधावयाचे आहे. पाबळच्या विद्यार्थ्यांप्रमाणे आपल्या शाळांनीही आरोग्यसेविकेच्या साहाय्याने मोजणी करावी, नोंद ठेवावी, उपचार करवून घ्यावेत आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजावे, अशी आमची नम्र सूचना आहे.