अद्भुताचं खरेपण

'चित्रांची पुस्तकं? ती नातवंडांसाठी ना?' माझ्या हातात 'भीमायन' पाहून इथल्या, सोलापुरातल्या एका स्नेह्यांनी विचारलं. प्रश्न साधा, पण त्यामागचा पूर्वग्रह जुना आहे. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या काळात मराठी कादंबरी अद्भुतात रमली होती. पुढं हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाची वाट रुळवली आणि अद्भुत म्हणजे पळवाट, असं आपण ठरवून टाकलं. 'इंद्रजाल कॉमिक्स'मधल्या वेताळावर पोसलेली आमची पिढीही मोठेपणी ते प्रेम लपवू लागली.

२०११ साली आलेलं 'भीमायन' हा समज मोडून काढतं. डॉ. आंबेडकरांनी सोसलेली अस्पृश्यता दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रेखाटली आहे. शाळेत शिपायानं नळ सोडला तरच भीमाला पाणी, नाहीतर तहान. माणसांना कोंडायचं नाही म्हणून पानांवर ठरावीक चौकटी नाहीत. आगगाडी सर्प होते. जातीचं विष ओकणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी आहे, सोसणाऱ्यांच्या शब्दांना पक्ष्याचा आकार. यातलं काहीच 'वास्तव' नाही, तरी डंख खरा लागतो.

हॅरी पॉटरची जादू मला पुष्कळदा नुसती गुंगवते. पण तिथला शुद्ध रक्ताचा तोरा मात्र आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. जादू तिथंच खरी होते.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाणपोया लागतात. 'भीमायन' वाचल्यावर तिथला पेला नुसता पेला राहत नाही. अद्भुतानं याहून अधिक काय करायचं?