आगीशी झुंज आणि भेदाशीही!

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले, हे आपल्या घरातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्याच वेळी त्याच शहरात वेस्ली विल्यम्स नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा एक काळा मुलगा वाढत होता. पुढे हा मुलगा न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलात भरती झाला. ३३ वर्षे त्याने इमानेइतबारे नोकरी केली, संसार सांभाळला आणि आपल्या मागून येणाऱ्यांसाठी वाटही करून ठेवली. आज या पानावर आम्ही त्या कर्तबगार माणसाची ओळख आमच्या वाचकांना करून देत आहोत.

विल्यम्स यांचा जन्म २६ ऑगस्ट १८९७ रोजी झाला. त्यांच्या आजोबांनी गुलामगिरी भोगली होती. वडील जेम्स विल्यम्स हे ग्रँड सेंट्रल या मोठ्या रेल्वे स्थानकावर लाल टोपीवाल्या हमालांचे प्रमुख होते. गोऱ्या उतारूंच्या पेट्या उचलणे हेच त्या हमालांचे काम, आणि हमाल झाडून सारे काळे! आजोबा गुलाम, बाप हमालांचा मुकादम आणि नातू सरकारी नोकरीत अधिकारी. एका घराची तीन पिढ्यांतली ही चढण आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगायला नको. गावकी सोडून गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि नगरपालिकेत शिरलेल्या आपल्या आजोबा-वडिलांनी तीच चढण चढली आहे.

वेस्ली यांचे लग्न लहान वयातच झाले. भरतीपूर्वी ते टपाल खात्याची पार्सलची मोटार चालवत. अग्निशामक दलाच्या शारीरिक चाचणीत त्यांनी शंभरपैकी शंभर गुण मिळवले आणि १० जानेवारी १९१९ रोजी ते कामावर रुजू झाले. वय अवघे २१ आणि घरी बायको व दोन मुले. त्या दलात त्यांच्या आधी काळे जवान शिरले होते ते फक्त दोन.

पहिल्याच दिवशी बदलीचे अर्ज

त्यांची नेमणूक मॅनहॅटनमधील ब्रूम स्ट्रीटवरच्या ५५ क्रमांकाच्या बंब केंद्रात झाली. आजूबाजूला वस्ती इटालियन लोकांची आणि केंद्रातले सगळे जवान गोरे. आपल्या केंद्रात काळा माणूस आला हे कॅप्टनला इतके लागले की त्याने निवृत्ती पत्करली. बाकीच्या सर्व जवानांनी बदलीचे अर्ज दिले!

आम्ही कचेरीत कारकुनी करणारी माणसे. बदलीचा अर्ज म्हणजे काय असतो, तो आम्ही चांगला ओळखतो. माणूस अर्जात आजारपण लिहितो, घरची अडचण लिहितो. पण शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसले आहे, हे खरे कारण तो कागदावर कधीच लिहीत नाही. न्यूयॉर्कच्या खात्याने मात्र त्या बदल्या वर्षभर रोखून धरल्या. बरोबरचे लोक बोलत नसत, तरीही विल्यम्स हलले नाहीत.

बंब केंद्र हे साध्या कचेरीसारखे नसते. तिथे जवान एकत्र जेवतात, एकाच दालनात झोपतात आणि घंटा वाजली की एकाच गाडीवर चढून धावतात. धुराने भरलेल्या जिन्यात पुढच्याच्या हातात पाण्याचा पाइप असतो, तर त्याचा जीव मागच्याच्या भरवशावर असतो. जीव सांभाळायला काळा माणूस चालतो, पण त्याची खाट शेजारी चालत नाही! विहिरीचे पाणी नाकारणाऱ्यांची जात जगात सर्वत्र सारखीच.

विल्यम्स अंगाने धिप्पाड होते. व्यायाम आणि मुष्टियुद्ध यांचा त्यांना शौक होता. एकदा केंद्रातल्या एका जवानाशी खटका उडाला. दोघांनी तळघरात उतरून निकाल लावायचे ठरवले. थोड्या वेळाने तळघराचा जिना चढून वर आले ते विल्यम्स! पण त्यांचा खरा विजय मुठीचा नव्हता, तो पुस्तकाचा होता. कामाच्या फावल्या वेळात अभ्यास करून त्यांनी खात्याच्या परीक्षा दिल्या. १९२७ साली ते लेफ्टनंट झाले. त्या दलात अधिकारी होणारे ते पहिले काळे गृहस्थ होत. १९३४ साली ते कॅप्टन झाले आणि १९३८ साली बटालियन चीफ, म्हणजे अनेक केंद्रांवर देखरेख करणारे अधिकारी. ज्यांनी एकेकाळी त्यांच्या शेजारी राहणे नाकारले, त्यांचेच भाईबंद आता त्यांच्या हुकुमाने बंब घेऊन धावू लागले.

एकट्याने वर जाऊन भागत नाही

आपल्याकडेही पुष्कळ माणसे परीक्षा देऊन वर जातात, फ्लॅट घेतात आणि वस्तीकडे पाठ फिरवतात. विल्यम्स यांनी तसे केले नाही. १९४० साली त्यांनी शहरातल्या काळ्या जवानांना एकत्र करून 'व्हल्कन सोसायटी' स्थापन केली. व्हल्कन हा रोमन लोकांचा अग्नीचा देव. त्या वेळी दलात काळे जवान सुमारे ५० होते. बंब केंद्रांत काळ्यांसाठी वेगळी खाट ठेवण्याची रीत होती. ती खाट बहुधा संडासाजवळची असे. संघटनेने या खाटेचा प्रश्न १९४४ साली थेट शहराच्या कौन्सिलपुढे नेला आणि त्यावर जाहीर सुनावणी झाली. एकटा माणूस अपमान गिळतो, पण संघटना त्याच अपमानाचा जाब विचारते!

विल्यम्स १९५२ साली निवृत्त झाले. १९६६ साली व्हल्कन सोसायटीचेच एक नेते रॉबर्ट लोअरी न्यूयॉर्कच्या अग्निशामक खात्याचे पहिले काळे आयुक्त झाले. हा दिवस पाहायला विल्यम्स हयात होते. १९८४ साली, ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संघटनेचे काम मात्र थांबले नाही. भरतीच्या लेखी परीक्षांत काळ्या उमेदवारांवर अन्याय होतो, हे २००९ साली न्यायालयाने मान्य केले. २०१४ साली शहराने तडजोड करून ९ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे कबूल केले. १९१९ साली एका माणसाने नेट धरला, त्याचे फळ पंचाण्णव वर्षांनी शेकडो घरांना मिळाले.

बांधवांनो, १४ एप्रिल हा आपला जयंतीचा दिवस. त्याच तारखेला १९४४ साली मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. यंदाच्या जयंतीला आपल्या वस्तीत बंबावर काम करणारा कोणी जवान असेल, तर त्याला व्यासपीठावर बोलवा. त्याच्या पत्नीचाही सत्कार करा, कारण तो कामावर असतो त्या रात्री घरात झोप तिला लागत नसते. आणि नोकरीत अपमान झाला म्हणून राजीनामा लिहायला बसलेल्या आपल्या तरुणाला वेस्ली विल्यम्स यांची हकिगत सांगा. जागा सोडू नकोस, पुस्तक उघड आणि आपल्या माणसांना गोळा कर, एवढेच आमचे त्याला सांगणे आहे.