विमानात आधी कोणी चढायचं?

मागच्या रांगांना आधी बोलवा, पुढच्यांना नंतर. विमानात प्रवासी चढवण्याची ही रीत कुणालाही पटेल. जेसन स्टेफन या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये संगणकावर हिशेब मांडला, तेव्हा ती जवळजवळ सर्वांत वाईट ठरली. वेळ चालण्यात जात नाही, बॅग वरच्या कप्प्यात ठेवण्यात जातो. मागच्या रांगांतली माणसं एकदम आली की एकाच जागी कोंडतात. एक जण बॅग चढवतो, बाकीचे ताटकळतात. स्टेफनने सुचवलं की आधी खिडकीजवळच्यांना सोडा, मागून पुढे, पण एक रांग सोडून एक. मग मधल्या आसनांवरचे, शेवटी वाटेकडेचे. दोघांत हात वर करण्यापुरती जागा राहते आणि अनेकांचं सामान एकाच वेळी चढतं.

जॉन हॉचकिस या निर्मात्याने विज्ञानावरच्या आपल्या मालिकेसाठी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. चित्रीकरणासाठी उभारलेलं नकली बोइंग ७५७, त्यात १२ रांगा, मधोमध एकच वाट आणि सामानासह ७२ प्रवासी. मागून पुढे चढवताना ६ मिनिटं ११ सेकंद लागले. वाटेल त्या क्रमाने सोडलं तर ४ मिनिटं ४४ सेकंद. स्टेफनच्या क्रमाने ३ मिनिटं ३६ सेकंद! नियमापेक्षा बेशिस्त बरी निघाली, हे आकड्यांत वाचून पटत नाही. माणसं अडकलेली दिसली की पटतं. पुढे या प्रयोगावरचा शोधनिबंध स्टेफन आणि हॉचकिस या दोघांच्या नावाने छापला गेला. लोकांना दाखवण्यासाठी केलेलं चित्रीकरण शास्त्राचा पुरावा झालं, याचं मला फार अप्रूप वाटतं. २०१९ मध्ये सीजीपी ग्रे या यूट्यूबकाराने हाच विषय हलत्या चित्रांतून लाखो लोकांपर्यंत नेला.

असे हिशेब मांडणाऱ्या शास्त्राचं नाव ऑपरेशन्स रिसर्च. आहे त्याच साधनांत निर्णय अधिक चांगला कसा घ्यायचा, एवढाच त्याचा ध्यास. १९४१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पाणबुड्यांवर टाकायचे बॉम्ब पाण्याखाली १०० फुटांऐवजी सुमारे २५ फुटांवर फोडायला सुचवलं. विमानं तीच, बॉम्ब तेच, परिणाम मात्र कितीतरी वाढला. असं शास्त्र लोकांच्या नजरेला पडत नाही, कारण त्याचं यश म्हणजे न लागलेली रांग, न झालेला फेरा. व्हिडिओत मात्र रांग लागते आणि सुटतेही. इलिनॉय विद्यापीठाचे बिल हॅमॅक दुकानातल्या तीन रांगा दाखवून सांगतात, की तुमचीच रांग सर्वांत वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. तिथून ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञाच्या रांगांच्या गणितापर्यंत सहज पोचतात.

व्यावसायिक संस्थांच्या चित्रफितींत ही सहजता कमी दिसते. अमेरिकेतली इन्फॉर्म्स ही या शास्त्राची संस्था दरवर्षी एडेलमन पुरस्कार देते आणि स्पर्धकांची सादरीकरणं पाहायलाही मिळतात. २०१६ मध्ये तो यूपीएस या पार्सल कंपनीला गाड्यांचे मार्ग आखणाऱ्या ओरायन प्रणालीसाठी मिळाला. कंपनीच्या हिशेबाने वर्षाला १० कोटी मैलांची बचत. काम थोर आहे, पण बोलणं संचालक मंडळाशी आहे. सामान्य माणसाला पार्सलवाल्याची गाडी दाखवा. अवघ्या १५ घरांना जाण्याचे क्रम १,३०,००० कोटींहून जास्त होतात, हे सांगा. तो आपणहून विचारील, मग निवडायचा कसा?

आपल्याकडे आयआयटी मद्रासचे प्रा. जी. श्रीनिवासन यांची या विषयावरची व्याख्यानं एनपीटेल या शैक्षणिक संकेतस्थळावर आहेत, आणि ती उत्तमच आहेत. पण ती शिकणाऱ्यांसाठी. बाकी बहुतेक व्हिडिओ परीक्षेत गणित कसं सोडवायचं तेवढंच सांगतात.

मराठीत सामान्य माणसासाठीच्या व्हिडिओंची सुरुवात साखर कारखान्यापासून व्हावी. गळीत हंगामात वजनकाट्यापुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या तासन्‌तास उभ्या राहतात. तोडलेला ऊस जितका थांबतो तितकं वजन घटतं, साखरेचा उताराही घटतो. तोडणीच्या टोळ्या कोणत्या शेतात कधी पाठवायच्या, गाड्या कोणत्या वेळी सोडायच्या, म्हणजे गव्हाण रिकामी पडणार नाही आणि आवारात गर्दीही होणार नाही, हा अस्सल ऑपरेशन्स रिसर्चचा प्रश्न आहे. कॅमेरा काट्यापाशी लावून एका गाडीचा दिवस दाखवावा, मग वेळा बदलून तोच दिवस पुन्हा मांडावा. शेतकरी, मुकादम आणि शेतकी अधिकारी तिघेही तो शेवटपर्यंत पाहतील, कारण त्यात त्यांचे पैसे आहेत.