काचेतून आलेले ऊन
(पाळलेल्या इग्वानाच्या पिल्लाची काळजी)

कसबा पेठेत माझा जनावरांचा दवाखाना आहे. कुत्री, मांजरे, एखाद्या वाड्यातली शेळी हे आमचे नेहमीचे रोगी. पण अलीकडे अधूनमधून एखाद्या चपलांच्या खोक्यातून हिरवागार सरडा येतो आणि बाकावर बसलेली मंडळी पटकन पाय वर घेतात. हा इग्वाना. शहरातली ही हौस आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे, म्हणून आज त्याविषयी.

मध्यंतरी एक बाई शाळकरी मुलाला घेऊन आल्या. मुलाच्या हातात खोके. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, बघा ना, अंगाने चांगला गुबगुबीत झालाय, पण दोन दिवस झाले, तोंड लावत नाही कशाला." मी पिल्लू हातावर घेतले. मांड्या खरोखरच फुगलेल्या होत्या. मात्र जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा दबत होता. पायाची बोटे थरथरत होती आणि मागचे पाय ते ओढत होते. त्याला मुडदूस झाला होता.

गुबगुबीतपणा फसवा असतो

मुडदूस हा शब्द जुन्या पिढीला चांगला माहीत आहे. वाकलेल्या पायांच्या मुलांना उन्हात बसवायचे, कॉड लिव्हर ऑइल पाजायचे, हे उपाय घरोघरी ठाऊक असत. इग्वानाच्या पिल्लातही मूळ गोष्ट तीच. कातडीवर उन्हातले अतिनील किरण पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. ते असेल तरच खाण्यातले कॅल्शियम रक्तात शोषले जाते. रक्तातले कॅल्शियम कमी पडले तर हृदय आणि स्नायू थांबून चालत नाहीत. मग शरीर हाडांच्या ठेवीतून उचल करू लागते. हाड पोकळ होत जाते आणि त्या जागी तंतुमय मांसल भाग भरतो. मांडी जाड दिसते ती यामुळे. घरच्यांना वाटते बाळसे धरले आहे, आणि आत हाड विरघळत असते.

मी त्या मुलाला पहिला प्रश्न विचारला, "याला ऊन मिळते का?" तो म्हणाला, "हो, रोज खिडकीत ठेवतो." मी विचारले, "खिडकी उघडी असते की काचेची?" तो गोंधळला. खिडकी काचेची होती, आणि पिल्लू माशांच्या काचेच्या टाकीत होते.

हा दुसरा प्रश्न मला अनुभवाने सुचला आहे. अनेक वर्षांपूर्वी पहिला इग्वाना माझ्याकडे आला, तेव्हा मी कॅल्शियमचे इंजेक्शन दिले आणि "खिडकीत उन्हाला ठेवत जा" असे सांगून मोकळा झालो. त्या घरच्यांनी इमाने-इतबारे तसेच केले. तीन आठवड्यांनी पिल्लू गेले. नंतर चौकशी केली तेव्हा कळले, खिडकीला काच होती. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच जवळजवळ सगळे अडवते. चूक त्यांची नव्हती, माझी होती. आज हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

ऊन कसे द्यावे

जाळीच्या पिंजऱ्यात, गच्चीवर किंवा गॅलरीत, सकाळचे कोवळे ऊन अर्धा-पाऊण तास द्यावे. पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत हवा. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नये. ती भट्टीसारखी तापते आणि काही मिनिटांत जीव जातो. घार, कावळा आणि मांजर यांच्यावर लक्ष असू द्यावे.

वाड्याच्या आतल्या खोलीत ऊन येतच नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी ट्यूब लावावी लागते. साधा बल्ब किंवा घरातली नेहमीची ट्यूब चालत नाही. ती पिल्लाच्या बसण्याच्या फांदीपासून साधारण एक फुटावर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न येता, रोज १० ते १२ तास चालू असावी. उजेड शेवटपर्यंत दिसतो, पण किरण हळूहळू क्षीण होतात. म्हणून बनवणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीत, सहसा ६ ते १२ महिन्यांत, ट्यूब बदलावी.

घर

इग्वाना हा मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण, दमट रानातला, झाडावर राहणारा प्राणी. म्हणून पिंजरा लांबीपेक्षा उंचीला जास्त हवा. पिल्लाला तीन फूट उंचीचा पिंजरा आणि आडव्या-तिरप्या जाड फांद्या पुरतात. पण वीतभर दिसणारे हे पिल्लू नीट जगले तर शेपटीसह पाच फुटांपर्यंत, कधी त्याहूनही वाढते आणि पंधरा-वीस वर्षे सोबत करते. तेव्हा त्याला माणसाच्या उंचीचे कपाट लागेल. आणण्याआधी घरातली जागा मोजावी.

त्याचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब राखत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात थंडीची लाट आली की गारठलेले इग्वाना झाडांवरून खाली पडतात. ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही. वरच्या फांदीवर एका बाजूला ३२ ते ३५ अंश सेल्सियस तापमान हवे, दुसरी बाजू २६-२८ अंशांची. रात्री २३-२४ अंशांखाली जाऊ देऊ नये. पुण्यात थंडीत पारा १०-१२ अंशांवर उतरतो, तेव्हा उबेची सोय करावीच लागते. ऊब देणारा दिवा जाळीबाहेर असावा. विजेवर तापणारे दगड बाजारात मिळतात, ते घेऊ नयेत. पोट भाजेपर्यंत प्राण्याला समजत नाही. दिवसातून दोनदा पाणी फवारावे. तळाला वाळू किंवा लाकडाचा भुसा नको, तो पोटात जाऊन आतडे तुंबते. वाचून झालेला पेपर अंथरावा, रोज बदलावा.

खाणे

इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. "पिल्लू आहे, जरा ताकद येऊ दे" म्हणून अंडे, खिमा किंवा कुत्र्याचे खाणे देतात, त्याने पुढे मूत्रपिंडे बिघडतात. दूध-भातही नको.

आपल्या मंडईत त्याला हवे ते सगळे मिळते. शेवग्याचा कोवळा पाला सर्वांत उत्तम, त्यात कॅल्शियम भरपूर. जनावरांना घालतात तो लसूणघास, मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला, जास्वंदीची पाने आणि फुले हे रोजचे जेवण असावे. जोडीला किसलेला लाल भोपळा, घेवडा, गवार. पपई, अंजीर, आंबा हे चवीपुरते. पालक, चुका, चाकवत, माठ, अळू यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे या भाज्या रोजच्या नव्हेत. कोबी-फ्लॉवरही क्वचितच. काकडीत पाणीच जास्त. आमच्या रोग्याचा आहार होता पालक, काकडी आणि केळे. पालेभाजी भरपूर, पण हाडाला उपयोग शून्य.

सगळे धुऊन, बारीक चिरून सकाळी, अंग तापल्यावर द्यावे. वाढत्या पिल्लाच्या खाण्यावर आठवड्यातून चार-पाच वेळा फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड चिमूटभर भुरभुरावी. मात्र माणसांसाठी मिळणारी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी मनाने देऊ नये. एवढ्याशा जिवाला ती विषासारखी होते.

माणसाळवणे

पहिले आठ-दहा दिवस हात लावू नये. पिंजऱ्याजवळ बसावे, हळू बोलावे. मग जास्वंदीचे फूल हातात धरून बाजूने पुढे करावे. वरून हात आला की त्याला घारीची झडप वाटते. हातातून खाऊ लागल्यावर चारही पायांना आधार देऊन रोज पाच-दहा मिनिटे उचलावे. शेपटी धरू नये, ती तुटते. पुन्हा येते, पण पहिल्यासारखी नाही. शेपटीचा फटका, फुगवलेले अंग, फुस्कार म्हणजे "आज नको". कुरवाळताना डोळे मिटले म्हणजे सुखावला असे मुले समजतात. पुष्कळदा तो त्रास टाळण्यासाठीच डोळे मिटतो. दोन पिल्ले एकत्र ठेवू नयेत, दांडगे दुसऱ्याला खाऊ देत नाही.

घरच्यांची काळजी

निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यामुळे माणसाला जुलाब, ताप येतो, आणि तान्ह्या मुलांत तो जिवावर बेतू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याचा मुका घेऊ नये, त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नयेत, ओट्यावर त्याला सोडू नये. पाच वर्षांखालील मूल, गरोदर बाई किंवा दुखण्याने अशक्त झालेले माणूस घरात असेल, तर हा प्राणी आणूच नये, असे मी सांगतो.

कायदा

इग्वाना आणि आपली घोरपड यांत गल्लत नको. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणे गुन्हा आहे. इग्वाना परदेशी. २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. विक्रेत्याकडे कागद नसतील तर घेऊ नये. आणि नकोसा झाला म्हणून नदीकाठी सोडून देऊ नये. फ्लोरिडात पाळीव इग्वाना असेच सुटून आज डोकेदुखी झाले आहेत.

आमच्या रोग्याला औषधाने कॅल्शियम दिले, यूव्हीबी ट्यूब लावायला लावली, फांद्या काढून काही दिवस सपाट जागी ठेवायला सांगितले, कारण पडला असता तर हाड मोडले असते. मुलगा रोज सकाळी शेवग्याचा पाला आणू लागला. हाडे भरायला चार महिने लागले. जबडा थोडा वाकडाच राहिला, पण आता तो पाला कराकरा खातो. थरथर, फुगलेल्या मांड्या, मऊ जबडा किंवा ओढत चालणे, यांतले एक जरी लक्षण दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. आणि आज घरी गेल्यावर खिडकीची काच तेवढी उघडी आहे ना, ते पाहावे.