माळावरच्या पाहुण्यांची खानेसुमारी

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो, आभाळ निवळते आणि माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतले माळ पिवळ्या गवताने भरून जातात. अशा वेळी लांब पंखांचा एक पक्षी माळावरून अगदी पुरुषभर उंचीने तरंगत जाताना तुम्ही पाहिला असेल. दोन-चारदा पंख मारायचे की पुन्हा ते किंचित वर उचलून झुलत राहायचे, ही त्याची रीत. मधेच तो गर्रकन वळतो आणि पाय सोडून गवतात झेप घेतो. कोणी त्याला ससाणा म्हणते, कोणी नुसती घार. पक्ष्यांवरच्या मराठी पुस्तकांत त्याचे नाव आहे भोवत्या.

हा भोवत्या आपल्या गावचा नव्हे. आपल्या माळांवर त्याच्या मुख्यतः दोन जाती येतात : पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या. उन्हाळ्यात हे पक्षी कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ प्रदेशांत जमिनीवरच घरटी करतात. तिकडे थंडी पडली की किडे-टोळ नाहीसे होतात, उंदीर बर्फाखाली दडतात. मग हजारो किलोमीटर उडत, सप्टेंबरअखेरपासून, ते आपल्याकडे येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेच्या माणात जेमतेम पाचशेच्या आसपास. दुष्काळी म्हणून आपण ज्या मुलखाला नावे ठेवतो, तोच त्यांना सुगीचा वाटतो. तिथले नाकतोडे, टोळ आणि उंदीर त्यांना हवे असतात, आणि त्यात शेतकऱ्याचे काही नुकसान नाही!

आता तुम्ही म्हणाल, पाहुणे येतात आणि जातात, ते मोजायचे कशाला?

ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांना मेलेल्या ढोराभोवती जमणारी गिधाडे आठवत असतील. ती कोणत्या वर्षी दिसेनाशी झाली, ते सांगा बरे? बहुतेक गावांत कोणालाच सांगता येणार नाही, कारण ती कोणी मोजली नव्हती. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात मात्र विभू प्रकाश या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात त्यांची मोजदाद केली होती. म्हणूनच पुढच्या दशकात ती भराभर घटत असल्याचे आकड्यांनी सिद्ध झाले. २००४ साली कारण उघड झाले : जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. औषध अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोपर्यंत बहुतेक गिधाडे गेली होती.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात एक डोंगर आहे. शरद ऋतूत त्याच्या धारेवरून शिकारी पक्ष्यांचे थवे जात आणि लोक बंदुका घेऊन ते टिपत बसत. १९३४ साली रोझाली एज या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेतला, बंदुका बंद केल्या आणि मोजणी सुरू करवली. १९३५ ते १९३९ या काळात तिथे दिसलेल्या गरुडांत शेकडा ४० गरुड पहिल्या वर्षातले असत. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण शेकडा २० वर आले. राचेल कार्सन यांनी १९६२ साली आपल्या पुस्तकात हेच आकडे डीडीटीविरुद्ध पुराव्यादाखल मांडले. एका टेकडीवरच्या वहीने केवढे काम केले, बघा!

आपल्याला हे कसे करता येईल? वर्धनगड, महिमानगड किंवा सांगलीकडचा दंडोबाचा डोंगर, अशी एखादी उंच जागा निवडावी. उन्हे वर आली की खडक तापतो, हवा हलकी होऊन वर चढते, आणि त्या हवेवर पक्षी आयते तरंगतात. वरून पाहिले तर त्यांची पाठही दिसते. नर राखी-पांढरट असतो. मादी आणि पिल्ले तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. जात ओळखता आली नाही तर नुसते ‘भोवत्या’ लिहावे; अंदाजाने नाव घालू नये. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे. तारीख, वेळ, वारा, ढग आणि संख्या एवढे रकाने पुरेत. थव्यांची अपेक्षा मात्र धरू नका. आपल्याकडे हे पक्षी विखरून असतात. सकाळभरात दोन-चार दिसतील, कधी एकही नाही. तेव्हा शून्यही लिहायचे. शून्य हीसुद्धा नोंदच असते.

दुसरी मोजणी सांजेची. दिवसभर पांगलेले भोवत्ये सूर्यास्ताच्या सुमारास उंच गवताच्या एखाद्या ठरावीक जागी जमिनीवरच झोपायला जमतात. गुजरातेत वेळावदरच्या माळावर असे शेकड्यांनी जमतात. आपल्या गावाजवळ अशी जागा सापडली, तर दुरून, अंधार पडेपर्यंत मोजावे. गवतात शिरू नये, कुत्री सोबत नेऊ नयेत.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. टेंभू, म्हैसाळ, उरमोडीचे पाणी पूर्वेकडे पोचू लागले, माळ नांगरटीखाली येऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला पाण्याचा आनंद होणारच, आणि तो रास्त आहे. पण कागदोपत्री ‘पडीक’ ठरलेली सगळीच जमीन रिकामी नसते. गायरानातला एखादा गवताळ तुकडा राखला, त्याला वणवा लागू दिला नाही, तर कोणाचे पीक बुडत नाही. मात्र कोणता तुकडा राखायचा, हे ग्रामसभेत सांगायला हातात आकडे हवेत.

शिक्षकांनो, हे काम शाळेला सहज जमण्यासारखे आहे. एक वही, एक टेकडी, दर आठवड्याला एक ठरलेला दिवस आणि ठरलेला तास. जागा आणि वेळ बदलू नका, म्हणजे यंदाचा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. मुले पुढच्या वर्गात जातील, तुमची बदली होईल. वही मात्र शाळेच्या कपाटात राहू द्या.