जुन्या कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर घेताना अडतंय कुठे? आधी टेप तपासा, मग रेकॉर्डिंगचं बटण दाबा

धाराशिव : जिल्ह्यात असं घर सापडणं अवघड, जिथे माळ्यावर किंवा लोखंडी पेटीत चार-दोन जुन्या कॅसेट पडलेल्या नाहीत. त्यातल्या बाजारातून आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटचं फारसं काही नाही. ती गाणी आज मोबाइलवरही सापडतात. खरी किंमत आहे ती घरी भरलेल्या कॅसेटला. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, नवरात्रातला आराधी मेळा, तेरला गोरोबाकाकांच्या देवळात झालेलं कीर्तन, ख्वाजा शमशोद्दीन गाझी दर्ग्याच्या उरुसातली कव्वाली, लग्नातली हळदीची गाणी, नाहीतर पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलाने पत्राऐवजी पाठवलेला आवाज. अशा कॅसेटची दुसरी प्रत जगात कुठेच नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरसारखी गावं होत्याची नव्हती झाली. अशा गावातल्या माणसाचा आवाज नातलगाकडे राहिलेल्या एखाद्या कॅसेटवर असेल, तर त्या घरासाठी ती फोटोपेक्षा मोठी ठेव ठरते. म्हणूनच कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कॉम्प्युटरवरची चूक पुन्हा दुरुस्त करता येते, पण टेपने कॅसेट खाल्ली तर आवाज कायमचा जातो. त्यामुळे अडचण आली की सॉफ्टवेअरकडे धावण्याआधी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर तपासायचा.

कॅसेट लगेच लावू नका

पंधरा-वीस वर्षं बंद असलेली कॅसेट थेट टेपमध्ये घालून 'प्ले' दाबणं हीच सगळ्यात मोठी चूक. आधी ती उजेडात धरून पाहा.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे कान असतात. ते शाबूत असतील तर आधी मोडून टाका. कान असलेल्या कॅसेटवर चुकून 'रेकॉर्ड'चं बटण दाबलं गेलं तर जुना आवाज पुसला जातो. कान मोडलेले असले की ते बटण दाबलंच जात नाही.

खालच्या बाजूला, रीळ उघडी दिसते तिथे मधोमध एक बारीक स्पंज असतो. तो रिळेला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये स्पंजचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो. मग आवाज अगदी बारीक येतो, मध्येच गायब होतो. खोका चार-पाच स्क्रूचा असेल तर तो उघडून रीळ दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येते. चिकटवलेला खोका उघडायचा तर हात सरावाचा हवा.

रिळेच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट लावू नका, बाजूला ठेवा. एका बुरशीच्या कॅसेटने टेपचं हेड घाण होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही बाधतात.

बाकी ठीक असेल तर भोकात पेन्सिल घालून रीळ थोडी फिरवून पाहा. मोकळी फिरली तर टेपमध्ये घालून एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळा. एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात आणि रीळ सारख्या ताणाने बसते. रीळ तुटलीच तर घरातला साधा सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. त्यासाठी रिळेची वेगळी जोडपट्टी मिळते.

कॅसेटवर ६०, ९० असे आकडे असतात, ते दोन्ही बाजू मिळून मिनिटांचे. ९० ची रीळ ६० पेक्षा पातळ असते, १२० ची त्याहून पातळ. रीळ जितकी पातळ, तितकी ती गुंतण्याची आणि ताणली जाण्याची भीती जास्त. अशा कॅसेट पुन्हा-पुन्हा मागे-पुढे करू नयेत.

टेपरेकॉर्डरची तयारी

घरात जुना टेप असेल तर आधी टाकाऊ कॅसेट लावून अर्धा तास वाजवून पाहा. आवाज लहरत असेल, जड होत असेल किंवा चाक फिरतच नसेल, तर आतला रबरी बेल्ट सैल झालाय किंवा वितळलाय. बेल्ट बदलता येतो. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं जुनं दुकान ज्या गावात टिकून आहे, तिथे हे काम होतं.

हेड साफ करणं सोपं आहे. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए लिक्विड कापसाच्या बडवर घेऊन हेड आणि शेजारचा धातूचा बारीक दांडा पुसायचा. बडवर तपकिरी डाग येतो, ती रिळेवरची झडलेली पूड. बड स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. रबरी चाक मात्र ओलसर कापडाने पुसलेलं बरं. पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट घालू नका.

आवाज दबका, घोंगडीतून आल्यासारखा वाटतो का? हेड साफ करूनही तो तसाच राहिला तर हेडचा कल जुळत नाही. प्रत्येक टेपचं हेड थोडं वेगळ्या कोनात बसलेलं असतं. ज्या कोनात रेकॉर्डिंग झालं त्याच कोनात ते वाचलं गेलं, तरच 'स', 'च', टाळ, झांज हे आवाज स्पष्ट येतात. म्हणून पहिला प्रश्न हा, की कॅसेट ज्या टेपवर भरली होती तो टेप घरात आहे का? असेल तर तोच दुरुस्त करून वापरणं सगळ्यात चांगलं. नसेल तर हेडशेजारचा स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून, आवाज सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबायचं. ही तडजोड कॉम्प्युटरवर नंतर करता येत नाही. रिळेवरून जे उचललंच गेलं नाही, ते सॉफ्टवेअर कुठून आणणार?

पिन कुठे घालायची?

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात. टेपच्या मागे 'लाइन आउट' असेल तर तिथून वायर घ्या. नसेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या. आवाजाचं बटण साधारण अर्ध्यावर ठेवा, बास वाढवणारी बटणं बंद करा.

डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मागे निळं भोक असतं, ते 'लाइन इन'. वायर तिथेच घाला. गुलाबी भोक माइकचं असतं. माइकचा आवाज फार बारीक येतो म्हणून कॉम्प्युटर तो वाढवून घेतो. टेपचा मोठा आवाज तिथे दिला तर तो फाटतो.

लॅपटॉपला बहुतेक वेळा एकच भोक असतं. पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. साध्या ऑक्स केबलच्या पिनवर दोन रेघा असतात, माइकवाल्या मोबाइल इअरफोनच्या पिनवर तीन. लॅपटॉपच्या एकाच भोकात साधी ऑक्स केबल घातली की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावला, आणि टेपचा आवाज आत जातच नाही. यावर सोपा उपाय म्हणजे 'लाइन इन' असलेलं बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड. घेताना विचारून घ्या, कारण स्वस्तातल्या बऱ्याच यूएसबी पिनांना फक्त माइकचं भोक असतं. लाल-पांढऱ्या पिना लागणारं यंत्र असेल तर काम नीट होतं.

काहीच जमलं नाही तर टेपच्या स्पीकरसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग करता येतं. मात्र त्यात पंखा, कोंबडा, रस्त्यावरचा टमटम सगळंच येतं. कॅसेट फार नाजूक असेल, तर ही पद्धत अगदी शेवटची.

कॉम्प्युटरवरच्या सेटिंग

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. सुरू करण्याआधी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा. एक, इनपुट म्हणून टेप जोडलेलं भोक किंवा यूएसबी कार्डच निवडलं आहे ना. नाहीतर लॅपटॉपचा स्वतःचा माइक चालू राहतो आणि कॅसेटऐवजी घरातली बोलणी रेकॉर्ड होतात. दोन, 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद करा. ही सोय माणसाचं बोलणं स्पष्ट करण्यासाठी असते. संबळ, टाळ, हार्मोनियम यांना ती गोंगाट समजते आणि दाबून टाकते. गाणं मध्येच बुडतं, परत वर येतं, अशी तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते.

आवाजाची पट्टी सगळ्यात मोठ्या ठिकाणी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली पाहिजे. लाल रंग दिसला की आवाज फाटला. बारीक आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. कॅसेटमधला सर्वांत मोठा भाग, म्हणजे संबळ किंवा कोरस जिथे आहे, तिथे आधी लावून पातळी ठरवा.

फाइल वॅव्ह प्रकारात ठेवा. जगभरातल्या ध्वनी-संग्रहालयांची 'इयासा' ही संघटना किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते. त्या हिशोबाने स्टिरिओत ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण १ जीबी जागा लागते. साउंड कार्ड १६ बिटचंच असेल तर घरच्या कॅसेटला तेही चालतं. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ ची वेगळी प्रत काढा.

काय होतंय आणि काय करायचं

– रेकॉर्डिंगची रेघ सपाट येते : इनपुट चुकीचं निवडलंय, पिन चुकीची आहे किंवा विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ॲपना माइक वापरण्याची परवानगी बंद आहे. परवानगी 'लाइन इन'लाही लागते.

– सतत घूंऽ असा आवाज : तो विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढा, टेप नव्या सेलवर चालवा. बहुतेक वेळा घूं जातो. लाइट गेल्यावर काम अडतही नाही.

– टिर्र-टिर्र असा आवाज : मोबाइल जवळ आहे. लांब ठेवा.

– आवाज एकाच बाजूने येतो : पिन अर्धवट बसलीय किंवा वायर तुटलीय. घरी भरलेल्या कॅसेट बहुधा मोनोच असतात, म्हणून चांगली बाजू ठेवून दुसरी काढली तरी नुकसान नाही.

– आवाज चिरका, घाईघाईत : रेकॉर्डिंगच्या वेळी टेपचे सेल उतरलेले होते. रीळ तेव्हा हळू फिरली, आता नीट वेगाने फिरते, म्हणून बाई लहान मुलीसारखी वाटते. टेप दोषी नाही. रेकॉर्डिंग आहे तसं घ्या आणि प्रतीवर ऑडॅसिटीतला 'चेंज स्पीड' वापरून वेग कमी करा.

– मागून उलटं बोलणं ऐकू येतं : रीळ हेडसमोरून वर-खाली सरकतेय आणि दुसरी बाजूही वाजतेय. स्पंज आणि खोका तपासा.

– कुईऽ असा आवाज येऊन रीळ अडखळते : ताबडतोब बंद करा. जोर लावला तर तुटेल.

एका दमात, पूर्ण बाजू

कॅसेट कॉपी करण्याचा शॉर्टकट नाही, तीस मिनिटांच्या बाजूला तीस मिनिटं लागतातच. मध्ये थांबवू नका. मधली बोलणी, खोकला, "चालू झालं का?" हे सगळं येऊ द्या, काटछाट नंतर प्रतीवर. 'नॉइज रिडक्शन'ही प्रतीवरच, आणि हलक्या हाताने. जास्त केलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. मूळ वॅव्ह फाइलला हात लावायचा नाही.

तयार फाइलच्या तीन प्रती करा. कॉम्प्युटरवर एक, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर एक, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे. मूळ कॅसेटही फेकू नका. पत्र्याच्या खोलीत किंवा स्पीकरजवळ न ठेवता थंड, कोरड्या जागी उभी ठेवा.

नाव-गाव लिहिलं नाही तर आवाज अनोळखी

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा करून घेतल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या आता वाचायला मिळतात, काही ऐकताही येतात. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. त्यामुळे ती ओवी कुणाची, हे शंभर वर्षांनीही कळेल.

घरच्या कॅसेटलाही हेच लागू आहे. फाइलला '००१' असं नाव न देता कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, कोणत्या कार्याला, हे नावात आणि वहीतही लिहा. त्यासाठी रेकॉर्डिंग चालू असताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. मागून टाळ कोण धरतंय, मध्येच हसली ती कोण, हे त्यांनाच सांगता येईल. रीळ अजून काही वर्षं टिकेल, पण आवाज ओळखणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत.